बिनपरवाना बंदूक, शिक्षेची मुदत आणि अपिलाचा हक्क



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण गावोगावी ऐकू येते. तीत अनुभवाचे शहाणपण आहे ह्यात शंका नाही. परंतु ज्याला न्यायालयाने दोषी ठरवून कारावासाची शिक्षा फर्माविली, तो माणूस त्या पायरीवर आधीच उभा असतो. अशा वेळी म्हणीचा आधार घेऊन हातपाय गाळणे हे शहाणपण नव्हे. शिक्षा झाली म्हणजे सारे संपले, आता वर जाणे म्हणजे न्यायाधीशाचा अवमान करणे किंवा आणखी शिक्षा ओढवून घेणे, असा समज खेड्यापाड्यांत अद्याप आढळतो. हा समज चुकीचा आहे. झालेली शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अधिक असेल तर तिची मुदत वरिष्ठ न्यायालयाकडून तपासून घेणे हा नागरिकाचा कायदेशीर हक्क आहे. तो गुन्हा नाकारण्याचा प्रकार नव्हे, तसेच ती दयेची याचनाही नव्हे.

बिनपरवाना बंदूक बाळगल्याच्या गुन्ह्याच्या संदर्भात ह्या हक्काचा विचार करणे गोव्यासारख्या प्रदेशात विशेष अगत्याचे आहे. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण ह्या तालुक्यांत शेत आणि रान ह्यांची सीमा एकमेकींत मिसळलेली आहे. रानडुकरे भातशेतीची एका रात्रीत नासाडी करतात, गवे कुळागरात शिरतात, माकडे नारळ पाडतात. पिकाच्या रक्षणासाठी बंदूक ठेवण्याची रीत येथे जुनी आहे, आणि त्या रीतीतूनच पुष्कळदा साधीभोळी माणसे कायद्याच्या कचाट्यात सापडतात.

एक उदाहरण

विषय नीट उमजावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेणे सोयीचे होईल. एका बागायतदाराच्या वडिलांच्या नावे ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. वडील वारले. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत आणि पुढे शेतीच्या कामात परवान्याचा प्रश्न मागे पडला. मुदत संपली, नूतनीकरण झाले नाही, परवाना मुलाने आपल्या नावे करून घेतला नाही. बंदूक घराच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून पडून राहिली. २०१८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात पोलिसांनी झडती घेतली व बंदूक जप्त केली. बागायतदार चाळीस दिवस कोठडीत राहिला, मग जामिनावर सुटला. खटला सात वर्षे चालला. २०२५ साली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यास दोषी ठरविले आणि, कायद्यात ह्याहून कमी शिक्षा नाही असे नमूद करून, दोन वर्षांचा कारावास व दंड अशी शिक्षा दिली. घरी वृद्ध आई, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. दोन वर्षे म्हणजे काजूचे दोन हंगाम, भाताची पिके, मुलांच्या दोन इयत्ता.

ह्या माणसाने काय करावे? त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना कायद्याची बहुतेक सर्व अंगे क्रमाने दृष्टीस पडतात.

परवान्याचा कायदा

शस्त्रांविषयीचा मूळ कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. हा केंद्राचा कायदा असल्यामुळे गोव्यात, बेळगावात किंवा इंदुरात तो एकच आहे. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार परवान्यावाचून कोणालाही बंदूक किंवा काडतुसे मिळविता, बाळगता अथवा बरोबर नेता येत नाहीत. शेतकऱ्याच्या अडचणीचा विचार कायद्याने केलाच नाही असे मात्र नाही. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद तेराव्या कलमात स्वतंत्रपणे केलेली आहे. परवान्याची मुदत संपली, तो रद्द झाला किंवा अन्य कारणाने शस्त्र बाळगणे बेकायदा ठरले, तर विनाविलंब ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे एकविसावे कलम सांगते. उदाहरणातील बागायतदाराने हीच एक गोष्ट केली नाही.

‘बाळगणे’ ह्या शब्दाचा अर्थही समजून घ्यावयास हवा. बंदूक हातात किंवा अंगावर असलीच पाहिजे असे नाही. ती दुसऱ्याच्या घरी ठेवलेली असली, तरी तिच्यावर आपला ताबा व अधिकार चालत असेल तर ते बाळगणेच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील गुणवंतलाल ह्यांच्या खटल्यात १९७२ साली स्पष्ट केले. त्याबरोबरच, बाळगणाऱ्यास त्या वस्तूची जाणीव असली पाहिजे हेही तत्त्व त्याच निकालात आहे. घरात कोणी काय लपविले ह्याची ज्यास कल्पनाच नाही, तो शस्त्र बाळगतो असे म्हणता येत नाही.

कमाल आणि किमान

शिक्षेच्या मुदतीविषयी बोलताना कायद्यातील दोन आकडे पाहावे लागतात : जास्तीत जास्त किती आणि कमीत कमी किती. लोकांचे लक्ष पहिल्या आकड्याकडे असते. अपिलाच्या दृष्टीने दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा असतो, कारण वरचे न्यायालय साधारणपणे त्याच्याखाली उतरत नाही.

साधी बंदूक परवान्यावाचून बाळगण्याचा गुन्हा पंचविसाव्या कलमाच्या १-ब ह्या पोटकलमात येतो. २०१९ पर्यंत त्यास कमीत कमी एक वर्ष व जास्तीत जास्त तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा होती. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १४ डिसेंबर २०१९ पासून किमान दोन वर्षे व कमाल पाच वर्षे अशी मर्यादा झाली. लष्करी बनावटीची स्वयंचलित शस्त्रे व तत्सम ‘निषिद्ध’ शस्त्रे बाळगण्याचा गुन्हा ह्याहून कितीतरी गंभीर मानलेला आहे. त्याची शिक्षा पूर्वी पाच ते दहा वर्षे होती, ती ह्याच दुरुस्तीने सात ते चौदा वर्षे झाली.

साध्या बंदुकीच्या बाबतीत कायद्याने एक लहानसे दार उघडे ठेवले आहे. पुरेशी व विशेष कारणे असतील तर ती निकालपत्रात लिहून न्यायालय किमान मुदतीपेक्षाही कमी शिक्षा देऊ शकते. ‘पुरेशी’ आणि ‘विशेष’ हे दोन्ही शब्द येथे मोलाचे आहेत. कारण नुसते असून भागत नाही, ते लिहिले जावे लागते. आणि लिहिले जाण्यासाठी ते कोणीतरी पुराव्यानिशी न्यायालयापुढे ठेवावे लागते.

बागायतदाराच्या निकालातील चूक

उदाहरणातील निकालाकडे आता पुन्हा वळावे. बंदूक जप्त झाली २०१८ साली. निकाल लागला २०२५ साली. मधल्या काळात कायदा कडक झाला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी निकालाच्या दिवशीचा कायदा पाहिला आणि दोन वर्षे ही किमान शिक्षा समजून दिली. परंतु भारतीय संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदाचा पहिला खंड सांगतो, की गुन्हा घडला त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याने जेवढी शिक्षा देता आली असती तीहून अधिक शिक्षा कोणासही देता येणार नाही. म्हणजे ह्या माणसाला लागू पडणारी मर्यादा एक ते तीन वर्षांची होती.

दोन वर्षे ही संख्या एक आणि तीन ह्यांच्या मध्येच बसते, मग चूक ती कोठे झाली, असा प्रश्न एखादा विचारील. चूक आकड्यात नाही, विचारात आहे. ‘ह्याहून कमी देता येत नाही’ अशा समजुतीने दिलेली शिक्षा आणि ‘एक वर्षही देता येते, पण ह्या माणसाला दोनच योग्य’ असा विचार करून दिलेली शिक्षा ह्यांत मोठे अंतर आहे. पहिल्या प्रकारात न्यायाधीशाने माप घेतलेलेच नसते. अपिलाचा हा अत्यंत सबळ मुद्दा होय. तो सापडण्यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. निकालपत्र हाती घेऊन जप्तीची तारीख आणि कायद्यातील दुरुस्तीची तारीख शेजारी-शेजारी मांडावी लागते.

दोषी ठरणे आणि शिक्षा होणे

फौजदारी खटल्यात दोन वेगळे प्रश्न असतात. आरोपीने गुन्हा केला का, हा पहिला. केला असल्यास शिक्षा किती, हा दुसरा. दोषी ठरविल्यानंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकून घ्यावे असे कायदा सांगतो. हे ऐकून घेणे म्हणजे केवळ उपचार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने संतासिंग विरुद्ध पंजाब राज्य ह्या खटल्यात १९७६ साली बजावले. त्या खटल्यात आरोपीस शिक्षेविषयी बोलण्याची संधी मिळाली नव्हती म्हणून प्रकरण शिक्षेपुरते खालच्या न्यायालयाकडे परत पाठविण्यात आले.

अपिलातही हे दोन्ही प्रश्न मांडता येतात. झडती विश्वसनीय नव्हती, तिसऱ्या कलमाखालील खटल्यास लागणारी जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी घेतली नव्हती, बंदुकीची जाणीवच नव्हती, हे मुद्दे पहिल्या प्रश्नाचे आहेत. ते टिकले तर माणूस निर्दोष सुटू शकतो. ते टिकले नाहीत तरी शिक्षा कमी व्हावी, असे पर्यायी मागणे त्याच अपिलात करता येते आणि ते करावेच. दुर्दैवाने पुष्कळ अपिलांत पहिल्या प्रश्नावर पानेच्या पाने खर्ची पडतात आणि शिक्षेविषयी शेवटी ‘दया व्हावी’ एवढी एकच ओळ असते. त्या एका ओळीने न्यायाधीशाच्या हाती काहीच पडत नाही.

ज्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला त्याचे काय, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. लवकर सुटका होईल ह्या आशेने किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून काही जण गुन्हा कबूल करतात आणि मग अपेक्षेपेक्षा मोठी शिक्षा ऐकून हबकतात. न्यायदंडाधिकारी किंवा सत्र न्यायालयापुढे अशी कबुली देऊन दोषी ठरलेल्यास दोषाविरुद्ध अपील करता येत नाही. परंतु शिक्षा किती झाली आणि ती कायद्यास धरून आहे की नाही, एवढ्यापुरते अपील त्यालाही खुले आहे.

अपील कोठे, किती दिवसांत

प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध अपील सत्र न्यायालयात करावयाचे असते. खटला सत्र न्यायालयातच चालला असेल तर अपील उच्च न्यायालयात जाते. गोव्यापुरते म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाकडे. सत्र न्यायालयात अपील दाखल करण्याची मुदत ३० दिवसांची आणि उच्च न्यायालयात ६० दिवसांची आहे. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेला काळ ह्या मुदतीत धरला जात नाही. उशीर झालाच तर त्याचे सबळ कारण दाखवून तो माफ करण्याची विनंती करता येते. मात्र ‘माहीत नव्हते’ हे कारण सहसा पुरत नाही. सत्र न्यायालयाने अपील फेटाळले तरी उच्च न्यायालयाकडे फेरतपासणीचा अर्ज करण्याचा मार्ग राहतो.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ आली. कलमांचे क्रमांक बदलले. अपिलाच्या ज्या तत्त्वांचे विवेचन येथे चालले आहे ती बदललेली नाहीत. अपिलाच्या हक्काचे पूर्वीचे ३७४ वे कलम आता ४१५ वे आहे, अपील न्यायालयाच्या अधिकारांचे ३८६ वे कलम आता ४२७ वे आहे, आणि अपील चालू असता शिक्षा स्थगित करण्याविषयीचे ३८९ वे कलम आता ४३० वे आहे.

‘वर गेलो आणि शिक्षा वाढली तर?’ ही भीती पुष्कळांना अपिलापासून परावृत्त करते. कायद्याने ह्याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. आरोपीने केलेल्या अपिलात न्यायालयास शिक्षेचा प्रकार व मुदत बदलता येते, परंतु शिक्षा वाढविता येत नाही. शिक्षा अपुरी आहे असे सरकारला वाटले तर सरकार स्वतंत्र अपील करू शकते. शिक्षा वाढविण्यासाठी उच्च न्यायालयाकडे वेगळी कार्यवाहीही होऊ शकते. अशा प्रत्येक वेळी आरोपीस आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते, आणि सरकारच्या त्या अपिलास उत्तर देताना तो आपली निर्दोष मुक्तता किंवा शिक्षेत घट मागू शकतो.

अपील केले म्हणजे शिक्षा थांबली असे नव्हे

अपील दाखल झाल्याने शिक्षा आपोआप थांबत नाही. शिक्षा तात्पुरती स्थगित करून जामिनावर सोडावे, असा वेगळा अर्ज करावा लागतो. शिक्षा तीन वर्षांहून अधिक नसेल आणि माणूस खटल्याच्या काळात जामिनावर असेल, तर अपील दाखल करण्यास अवसर मिळावा म्हणून शिक्षा देणारे न्यायालयच त्यास काही दिवस जामिनावर सोडू शकते. उदाहरणातील बागायतदारास हा मार्ग खुला होता. निकालाच्या दिवशीच वकिलाने तसा अर्ज तयार ठेवावा, म्हणजे माणसाला थेट तुरुंगात जावे लागत नाही.

येथे हिशेबाच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. खटल्याच्या आधी व चालू असताना कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. बागायतदाराचे चाळीस दिवस असे वजा होतील. ह्याउलट, अपील चालू असता जामिनावर बाहेर काढलेला काळ शिक्षा भोगल्यात धरला जात नाही. अपील फेटाळले गेले तर उरलेली शिक्षा भोगण्यास हजर व्हावेच लागते. एकाच खटल्यात दोन-तीन गुन्ह्यांबद्दल शिक्षा झाल्या असतील, तर त्या एकत्र भोगावयाच्या की एकामागून एक, हे निकालपत्रात नीट वाचावे. एकेक वर्षाच्या दोन शिक्षा एकत्र चालल्या तर एक वर्ष, एकामागून एक चालल्या तर दोन वर्षे. मुदतीचा प्रश्न कित्येकदा ह्या एका ओळीवर अवलंबून असतो.

अपिलात काय मांडावे

वरचे न्यायालय पुढील बाबींचा विचार करू शकते. शस्त्र कोणत्या प्रकारचे होते. ते भरलेले होते की रिकामे. काडतुसे सापडली काय. त्या शस्त्राने दुसरा एखादा गुन्हा केला किंवा करण्याचा बेत होता काय. पूर्वी कधी परवाना होता काय. आरोपीचे वय काय. ह्यापूर्वी त्यास शिक्षा झाली होती काय. खटला किती वर्षे रेंगाळला आणि त्यात आरोपीचा दोष किती. जामिनाच्या काळात त्याची वर्तणूक कशी होती. त्याच्यावर कोण अवलंबून आहे. ह्यांतील एकेक बाब कदाचित अपुरी ठरेल. चार-पाच बाबी पुराव्यासह एकत्र आल्या म्हणजे त्यांतून ‘पुरेशी व विशेष कारणे’ उभी राहू शकतात.

पुरावा म्हणजे काय? वडिलांच्या नावाचा जुना परवाना, त्यांच्या मृत्यूचा दाखला, रानडुकरांनी केलेल्या नासाडीबद्दल पूर्वी केलेला अर्ज, आईच्या आजाराचे कागद, मुलांच्या शाळेचे दाखले. हे कागद शिक्षेवरील सुनावणीच्या दिवशीच खालच्या न्यायालयापुढे ठेवावे. अपील न्यायालयास आवश्यक वाटल्यास अधिक पुरावा घेण्याचा अधिकार आहे, पण त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. ‘कायदा ठाऊक नव्हता’ हा बचाव होऊ शकत नाही. तसेच बंदुकीने रानटी जनावर मारल्याचा आरोप असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालील तो वेगळा गुन्हा ठरतो आणि ‘पीक राखण्यासाठीच होती’ हे कारण उलट अंगावर येते.

कारावासाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची तरतूद १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा अधिनियमात आहे, व अपील न्यायालयही ती वापरू शकते. परंतु ज्या गुन्ह्यास कायद्याने किमान शिक्षा ठरवून दिली आहे तेथे हा लाभ मिळणे कठीण असते. तो मागावा, पण त्यावरच सारी भिस्त ठेवू नये.

एका गाजलेल्या खटल्याचा धडा

शिक्षेच्या मुदतीवरील अपिलाने काय साधते आणि काय साधत नाही, हे चित्रपट अभिनेते संजय दत्त ह्यांच्या खटल्यावरून चांगले कळते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बाँबस्फोटांची मालिका घडली आणि २५७ माणसे प्राणांस मुकली. त्या खटल्यात दत्त ह्यांच्यावर बेकायदा शस्त्रे बाळगल्याचा आरोप होता. त्यांत निषिद्ध प्रकारातील एक रायफल होती. दहशतवादविरोधी कायद्याखालील आरोपातून ते सुटले, परंतु शस्त्र अधिनियमाखाली २००६ साली दोषी ठरले आणि ३१ जुलै २००७ रोजी त्यांना सहा वर्षांची सक्तमजुरी झाली. अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी दोष कायम ठेवला आणि शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली.

पाचच का, चार का नाही? कारण निषिद्ध शस्त्राबद्दल त्या वेळच्या कायद्यात पाच वर्षे हीच किमान मुदत होती. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मागणी गुन्ह्याचे गांभीर्य पाहून नाकारण्यात आली. आधी कोठडीत काढलेले सुमारे दीड वर्ष वजा झाले. उरलेली साडेतीन वर्षे भोगण्यासाठी त्यांना मे २०१३ मध्ये शरण यावे लागले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून ते सुटले. नावलौकिक, पैसा, नामांकित वकील हे सर्व असूनही अपिलाने शिक्षा कमी केली ती एका वर्षाने आणि कायद्याच्या किमान मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा सर्वांना सारखीच असते. मात्र ते एक वर्ष लहान नव्हे. गरीब माणसाच्या आयुष्यातलेही एक वर्ष तितकेच मोठे असते, आणि ते मागण्याचा त्याचा हक्कही तितकाच.

शिक्षेचे माप घेण्याचे न्यायाधीशाचे काम कायद्यालाही सर्वस्वी काढून घेता येत नाही, हे १ फेब्रुवारी २०१२ रोजीच्या दुसऱ्या एका निकालाने दाखवून दिले. निषिद्ध शस्त्राच्या वापरामुळे कोणाचा मृत्यू झाला तर फाशीच दिली पाहिजे, असे शस्त्र अधिनियमाच्या सत्ताविसाव्या कलमातील एक पोटकलम सांगत होते. ते सर्वोच्च न्यायालयाने दलबीरसिंग ह्यांच्या खटल्यात संविधानाशी विसंगत ठरवून रद्द केले.

साहाय्य कोठे मिळते

वकिलाला द्यावयास पैसे नाहीत म्हणून अपील राहिले, असे होण्याचे कारण नाही. कारावासाची शिक्षा झालेल्यास निकालाची नक्कल ताबडतोब व विनामूल्य मिळाली पाहिजे. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या १९७८ च्या खटल्यात निकालाची प्रत कैद्याच्या हाती वेळेवर न पडल्यामुळे वर्षानुवर्षांचा विलंब झाल्याचे पुढे आले. तेव्हा नक्कल वेळेवर देणे व अपिलासाठी गरजूस मोफत वकील देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तुरुंगातील माणसाला आपले अपील तुरुंगाधिकाऱ्यांच्या हाती देता येते, आणि ते न्यायालयाकडे पाठविणे हे त्या अधिकाऱ्यांचे काम आहे.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये राज्यात, जिल्ह्यात व तालुक्यात मोफत कायदेविषयक साहाय्याची व्यवस्था आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या व्यक्ती ह्यांना उत्पन्नाची अट न लावता हे साहाय्य मिळते. गोव्यातील गावडा, कुणबी व वेळीप हे समाज २००३ पासून अनुसूचित जमातींत आहेत, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. १५१०० ह्या दूरध्वनी क्रमांकावरही प्राथमिक माहिती मिळते.

गावातील शिकलेल्या मंडळींनाही ह्या कामी हातभार लावता येतो. शिक्षकाने मुलांचे दाखले वेळेवर द्यावेत आणि घरच्यांना निकालपत्रातील तारखा वाचून दाखवाव्यात. पंचायत सचिवाने मृत्यूचा किंवा रहिवासाचा दाखला अडवून ठेवू नये. तीस दिवसांच्या मुदतीत आठ दिवस एका दाखल्यासाठी गेले तर त्याचा भार शेवटी तुरुंगातल्या माणसाच्या माथी येतो. जेथे गावात कोणाला शिक्षा झाली आहे, तेथे त्या घराकडे पाठ न फिरविता ‘अपिलाचा शेवटचा दिवस कोणता?’ एवढे विचारणे हीसुद्धा मोठी मदत होय.

माळ्यावरची बंदूक

अपिलाचे महत्त्व कितीही असले तरी सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय अपिलाच्या कितीतरी आधीचा आहे. घरातील वडीलधारे माणूस वारले की ज्याप्रमाणे जमिनीच्या कागदांची चौकशी होते, त्याचप्रमाणे बंदुकीच्या परवान्याची व्हावी. परवान्याची मुदत पाहावी. ती संपली असेल तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी आणि मग वारसाच्या नावे परवान्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. बंदूक मोडकी आहे, कोणी वापरीत नाही, वडिलांची आठवण आहे, म्हणून ती माळ्यावर राहू देऊ नये. आजच्या कायद्याने त्या आठवणीची किंमत किमान दोन वर्षे आहे.

उदाहरणातील बागायतदाराला अपिलात नेमके काय मिळेल, हे आधी सांगता येणार नाही. जप्तीच्या वेळचा कायदा लागू झाला, जुना परवाना न्यायालयापुढे आला, बंदुकीचा गैरवापर झाला नव्हता हे दिसले, तर शिक्षा एका वर्षावर येऊ शकेल, विशेष कारणे पटली तर त्याहूनही खाली. कदाचित काहीच बदलणार नाही. परंतु तिसाव्या दिवसाच्या आत त्याचे अपील न्यायालयात पोहोचले, तर निदान त्याच्या शिक्षेचे माप एकदा नीट घेतले जाईल. कोर्टाची पायरी चढू नये हे खरेच. ती चढावी लागली तर मात्र वेळेवर चढावी, कागद हाती घेऊन चढावी आणि आपला हक्क आहे ह्या जाणिवेने चढावी.